उपासांच्या आड लपवलेले दुखणे

वाचणाऱ्याने आधी माफ करावे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व कुठे द्यायचे आणि दीर्घ कुठे, हे मला तेव्हाही पक्के नव्हते, आणि आता हात पेन्सिलीपेक्षा लाटण्याला जास्त सरावलेला आहे. अक्षर मोठे येते, ओळ रेघ सोडून खाली उतरते. न लागलेला शब्द सोडून पुढे वाचावे, काही अडणार नाही.

मी चारचौघांत बोलणारी नाही. हे लिहिलेले कुणाला दाखवीन असेही वाटत नाही. पण मी आजारी होते तेव्हा मला वाटायचे, असले दुखणे जगात माझ्या एकटीलाच आहे. ते खरे नव्हते. अशी कुणी दुसरी असेल आणि ही वही कधी तिच्या हाती पडली, तर तिला एवढे कळावे म्हणून लिहिते. यात परसाकडचा विषय येईल. त्यावाचून हे सांगताच येत नाही.

*

माझे सासर यावलच्या बाजूला, केळीच्या मळ्यांतले गाव. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि आमची कुसुम. घरचे शाळेत मास्तर. गाव त्यांना मास्तर म्हणते, मीही इथे तसेच लिहिते.

कुसुम दोन वर्षांची झाली त्या सुमारास मला पोटात कळ येऊन आव पडू लागली. बाळंतपणानंतरची मोडशी असेल म्हणून सासूबाईंनी सुंठ दिली. पंधरा दिवसांनी रक्त दिसले. मी ते कुणाला सांगितले नाही.

आमच्याकडे बायका पहाटे तांबडे फुटायच्या आत मळ्यामागच्या गोदरीत, उघड्यावर परसाकडला जातात आणि मग दिवस मावळल्यावर. मधला सगळा दिवस पुरुषांचा असतो. रस्त्याने गाड्या जातात, मळ्यात मजूर असतात. मला तर दिवसातून आठ वेळा, दहा वेळा जावे लागे, आणि कळ आली की शंभर आकडे मोजेपर्यंतही दम निघत नसे. एकदा भर दुपारी तांब्या घेऊन निघाले तर पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "मास्तरीनबाईची पहाट आता झाली वाटतं!" सगळे हसले. मी तशीच मागे फिरले. घरात येऊन काय झाले ते लिहीत नाही.

त्या दिवशी मी एक ठरवले. पोटात काही गेलेच नाही तर बाहेरही काही येणार नाही. पण घरात सून जेवत नाही म्हटले की दहा प्रश्न. म्हणून मी उपास धरले.

आधी सोमवार. मग गुरुवार. मग शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा. आठवड्यात तीन-चार दिवस जेवणाचे उरले, त्यातही मी अर्धी भाकरी मोडून ताटाखाली सरकवायची. उपास असला की कुणी आग्रह करत नाही. उलट सासूबाई विहिरीवर सांगायच्या, "आमची सून देवाची आहे हो. पाणी पिऊन राहते." फराळाला भगर, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची. तो एक घास पोटात गेला की निखारा गिळल्यासारखे व्हायचे. मी वाळत चालले, गालफडे बसली, आणि बायका म्हणायच्या तोंडावर तेज आले आहे. सवाष्ण म्हणून मला बोलावणी येऊ लागली. एक नवी नवरी माझ्या पाया पडली तेव्हा माझे लुगडे आतून भरलेले होते. मी तिला आशीर्वाद दिला. आतून मेल्यासारखे वाटले.

मला शिव्या मिळाल्या असत्या तर मी कदाचित बोलले असते. त्या कौतुकामुळे बोलायची वाटच बंद झाली.

*

चैत्रात पापडांचे दिवस आले. आमच्याकडे आळीतल्या बायका पोळपाट-लाटणे घेऊन एकेकीच्या घरी जमतात आणि दुपारभर उडदाचे पापड लाटतात. लाट्या वाटून दिल्या की आपल्या वाटच्या संपेपर्यंत कुणी उठत नाही. त्या दिवशी आमच्याच ओट्यावर पंधरा बायका होत्या. मास्तरांची थोरली बहीण, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, अमळनेरहून आली होती. त्या विधवा. मूलबाळ नाही, थोडे कापसाचे रान आहे, एकट्या राहतात. बोलायला फटकळ.

मला कळ आली. उठता येईना. माझ्या वाटच्या लाट्या संपल्या, बायका उठल्या, पापड वाळत घालून झाले. मी पोळपाट धरून तशीच बसून राहिले.

"ऊठ वं, पाय चिकटले काय तुझे?" शेजारीण म्हणाली.

"आज तिचा उपास," सासूबाई म्हणाल्या. "गळाठली असंल."

अक्का जवळ आल्या, खाली वाकल्या, आणि त्यांनी आपला पदर माझ्या मागे धरला. बायकांना म्हणाल्या, "जा वं बठ्ठ्या घर. पापड वाळले का सांगसू." सगळ्या गेल्यावर त्यांनी मला आंघोळ घातली. मला वाटले रागावतील. त्या मास्तरांना एवढेच म्हणाल्या, "हाई काय उपास शे का? हाई दुखनं शे. मी आंधळी नही. तुले दिसनं नही का रे?"

मास्तर मोटार बघायला निघाले. त्यांना दिसले नव्हते, हे खरेच होते. मी दिसू दिले नव्हते.

*

धुळ्याला पांझरा नदीच्या अलीकडे एका मोठ्या दवाखान्यात मला ठेवले. वाटेत अमळनेरला कुसुमला अक्कांच्या घरी सोडले. ती झोपलेली होती. मला वाटले, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, म्हणून मी तिला उठवलेही नाही.

तपासणी झाली त्या दिवशी डॉक्टर मास्तरांना व्हरांड्यात घेऊन गेले. माझी खाट दाराशी होती. सगळे ऐकू येत होते.

"आतड्याला आतून जखमा आहेत. भरून येतील. पण हे दुखणे मुळातून जात नाही. पुन्हा येऊ शकते."

"पुन्हा म्हणजे किती दिवसांनी?"

"ते कोणीच सांगू शकत नाही. महिन्याने येईल, चार वर्षांनी येईल. त्यांच्या मनावर ताण नको."

"तिला कसला ताण?" मास्तर म्हणाले. "ती बोलतसुद्धा नाही."

ते मुद्दाम लागेल असे बोलले नाहीत. त्यांना मनापासून तसे वाटत होते. मी भिंतीकडे तोंड केले. जखमा आहेत याची मला भीती वाटली नाही, तेवढे मला ठाऊकच होते. 'पुन्हा' हा शब्द मात्र मनात घर करून बसला.

*

दवाखान्यातले दिवस सारखेच. सकाळी गोळ्या, मग पेज, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी ताक, संध्याकाळी मऊ भात. दोनदा रक्ताची बाटली लावली. मास्तर रविवारी यायचे. यावलहून जळगाव आणि तिथून धुळे, दोन मोटारी बदलून पोचले की लगेच परतायची वेळ व्हायची. स्टुलावर बसून ते शाळेतले काहीबाही सांगायचे. कुसुम कशी आहे विचारले की म्हणायचे, "मजेत आहे. अक्काने तिला गुबगुबीत केली." मला आनंद व्हायला हवा होता.

त्या दवाखान्यात मला एक सुख मिळाले, ते सांगितले तर हसू येईल. वॉर्डाच्या टोकाला संडास होता. त्याला दार होते, दाराला आतून कडी होती. माझ्या खाटेपासून बावीस पावले. दिवसा जा, दुपारी जा, कोणी विचारत नसे. पण पहिले चार दिवस मी सवयीने पेज नुसती ओठांना लावत होते. शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक म्हातारी होती, पोटाचे ऑपरेशन झालेली. ती बघत होती.

"खाय वं माय, खाय," ती म्हणाली. "दार शे ना तठे. कोनी उचली नही लई जात."

मी हसले. किती महिन्यांनी हसले कोण जाणे. आणि वाटीभर पेज संपवली.

"तुनी पोर कोठे शे?" तिने विचारले.

"अमळनेरला. नणंदेकडे."

"मना तीन पोऱ्या शेतस. एक बी भेटाले उना नही अजून," ती म्हणाली आणि पांघरूण ओढून घेतले. पुढच्या मंगळवारी तिचा भाचा तिला बैलगाडीने घेऊन गेला. त्या खाटेवर दहा दिवस कोणी आले नाही. मी एकटीच बावीस पावले जायचे आणि बावीस पावले यायचे.

*

रक्त थांबले आणि मला घरी सोडले. दवाखान्याचा आणि औषधांचा सगळा खर्च अक्कांनी केला होता. ठेवणीतल्या पाटल्या मोडून केला, हे मला नंतर कळले. घरी जाताना आम्ही अमळनेरला उतरलो. डॉक्टरांनी तीन महिने पोरीचे काम अंगावर घेऊ नका म्हणून बजावले होते. कुसुम अक्कांच्या कडेवर बसून माझ्याकडे पाहत होती.

मास्तर म्हणाले, "तीन महिन्यांनी येतो अक्का, हिला न्यायला."

अक्का हसून म्हणाल्या, "पहिले मना पैसा फेडा, मंग पोर लई जा."

मास्तर मोठ्याने हसले. बहीणभावाचे असेच चालते. मी हसले नाही. मला ते खरे वाटले. आमच्या पगारात ते पैसे कधी फिटणार? मी कोणाला विचारले नाही, अक्कांनाही नाही. विचारले असते तर एका मिनिटात उलगडा झाला असता असे कोणीही म्हणेल. मीही आता म्हणते.

तीन महिने बरे गेले. अक्कांचे पत्र आले, अमुक दिवशी या. मी घर सारवले, कुसुमसाठी झगा शिवला. मग मनात सुरू झाले: पैसे तर दिलेले नाहीत, त्या देतील का पोर? दिली आणि मी पुन्हा पडले तर? पहाटे उठले की आधी रक्त आहे का ते बघायचे. जायच्या चार दिवस आधी ते दिसले.

पुन्हा धुळे. पुन्हा खर्च अक्कांचा. बरी झाले, दिवाळीला आणायचे ठरले, आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुन्हा रक्त.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं यायचं ठरलं की हिला दुखणं येतं. त्या पोरीचा पायगुणच तसला." स्वयंपाकघरात म्हणाल्या, पण मी ऐकले. आता माझ्या दुखण्याचा डाग लेकरावर पडत होता. दुसऱ्यांदा त्या असेही म्हणाल्या की उपास सोडले म्हणून देव कोपला.

पुढे महिन्याभराने आणायचे ठरले आणि लगेच रक्त दिसले, तेव्हा मी पुन्हा तीच चूक केली. रक्त दिसले हे सांगितले नाही आणि उपास धरले. सांगितले तर पोर येणार नाही, न सांगितले तर निदान येईल तरी, असा माझा हिशेब. तो हिशेब एकवीस दिवस चालला. बाविसाव्या दिवशी मला उचलून मोटारीत घातले.

*

या खेपेला डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. याआधी ते कधी बसले नव्हते.

"बाई, रक्त दिसायच्या आधी आठ दिवस घरात काय झाले?"

आजवर सगळ्यांनी विचारले होते, काय खाल्ले?

"भांडण? कुणाचे आजारपण? काहीही."

"मुलगी यायची होती," मी म्हणाले.

"आणि त्याच्या आधीच्या वेळी?"

"तेव्हापण."

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग मी बोलू लागले. उपास, गोदरी, पारावरचा म्हातारा, अक्कांचे ते वाक्य. रडत रडत, तुटक तुटक. परक्या पुरुषासमोर मी आयुष्यात इतके बोलले नव्हते. मला धाक होता की ते म्हणतील, म्हणजे हे सगळे तुमच्या मनाचे खेळ. ते म्हणाले, "जखम खरी आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण भीती साठली की ती उकलते, हेही मी तुमच्यासारख्या पुष्कळांत पाहिले आहे. भीती सोडा असे मी म्हणणार नाही, ते कोणाला जमत नाही. एकटीने साठवू नका. रक्त दिसेल त्याच दिवशी एका माणसाला सांगा. जेवण तोडू नका. आणि मुलगी आणायचा दिवस ठरवू नका."

रविवारी मास्तर आले तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना सगळे सांगितले. ते आत आले आणि स्टुलावर बसले.

"ते सगळे उपास?" त्यांनी विचारले.

"हो."

"एकही देवाचा नव्हता?"

"पहिला सोमवार होता," मी म्हणाले. "बरे वाटू दे म्हणून."

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. मोटारीची वेळ झाली तरी उठले नाहीत. त्या दिवशी ते धुळ्यालाच राहिले, देवपुरात एका ओळखीच्या शिक्षकाकडे.

*

मी घरी आले तर परसात, शेवग्यापलीकडे, एक खोल खड्डा खणलेला होता. त्यावर फळ्या आणि भोवती तुराट्यांचा आडोसा. दार पत्र्याचे, आतून कडी. मास्तरांनी शाळा सुटल्यावर रोज स्वतः खणले होते. सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "देवघराच्या पाठीमागे गोदरी आणली. लोकं काय म्हणतीन?" लोक म्हणतच होते. पारावर हसत होते, मास्तरांनी बायकोला राजवाडा बांधला. मास्तर म्हणाले, "बांधला. तुम्हीही बांधा."

वर्षभराने सासूबाईंना गुडघ्यांनी धरले तेव्हा त्याही तिथेच जाऊ लागल्या. त्यावर कोणी काही बोलले नाही.

मी जेवू लागले. मऊ भात, ताक, भाजलेल्या केळ्याचा गर. जेवण पोटात राहू लागले. तरी दुखणे गेले असे नाही. दोन वेळा रक्त आले. दोन्ही वेळा त्याच दिवशी मास्तरांना सांगितले. सांगायला जीभ उचलत नव्हती, तेव्हा पाटीवर लिहून दाखवले. त्यांनी गोळ्या आणल्या आणि दोन्ही वेळा ते आठ दिवसांत थांबले. धुळ्याला जावे लागले नाही.

एकटेपणा मात्र या सगळ्यात होताच. आता बायका मला सवाष्ण म्हणून बोलवत नाहीत. उपासांची गोष्ट सगळ्यांना कळली आहे. विहिरीवर गेले की बोलणे थांबते. आधी त्या माझ्या पाया पडत होत्या, आता माझ्या हातचे पाणी घेताना थबकतात. मला वाईट वाटते. पण आधीच्या कौतुकापेक्षा हे सोसायला सोपे आहे, हेही खरे सांगते.

पैशांचे म्हणाल तर मास्तर म्हणत होते, अक्काने थट्टा केली होती, ती कधीच मागणार नाही. मी म्हटले, त्यांना नको असतील, मला द्यायचे आहेत. यावलच्या एका मारवाडी दुकानदाराच्या घरच्या भाभी माझे पापड घेऊ लागल्या. रोज थोडेच लाटायचे, थकले की आडवे व्हायचे. आण्यांनी साठवायला सुरुवात केली, फेड संपेपर्यंत नवे पैसे चलनात आले. मास्तर अमळनेरला कुसुमला बघायला जाताना थोडे थोडे देऊन यायचे. मी जात नसे. ती मला ओळखणार नाही याची भीती होती. ही भीतीही मी मास्तरांना सांगितली.

*

शेवटचे पैसे द्यायला मी स्वतः गेले. दिवस ठरवला नव्हता. सकाळी उठले, रक्त थोडे दिसत होते, मास्तरांना म्हटले, "आज आहे. तरीही आज जाऊ." ते म्हणाले, "चल."

कुसुम दारातच खेळत होती. सहा वर्षांची झाली होती, दोन वेण्या घातलेल्या. मला पाहून आत पळाली आणि ओरडली, "आई, मास्तर आले आणि एक बाई आली!"

आई म्हणजे अक्का. मी उंबऱ्यावरच बसले.

अक्का बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिले, हात धरून आत घेतले, चटई टाकली. मागच्या दारातून परसातल्या नव्या आडोशाकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "लागनं तर तठे शे. मी बी बांधी लिधं." मग पाणी दिले.

मी पदराची गाठ सोडून पैसे त्यांच्यापुढे ठेवले. "अक्का, हे शेवटचे."

"मी ते हासीसन बोलनू होती वं," त्या म्हणाल्या. "तू मनले लाई लिधं?"

"हो."

त्यांनी पैसे थोडे बाजूला सारले. "बठ्ठंच काही हासीसन नही बोलनू," त्या म्हणाल्या. "घर मोठं शे मनं. कोनी नही." कुसुम त्यांच्या पाठीशी पदर धरून उभी होती.

मास्तर म्हणाले, "अक्का, तू पण चल ना यावलला. थोडे दिवस."

"मंग कापूस कोन येचीन? तू?" त्यांनी भावाला झटकले. मग कुसुमला पुढे ओढले आणि म्हणाल्या, "हाई तुनी माय. मास्तरनी शायीत जाशी ना, तं हिनासंगे जानं. दिवायीले मी येसू."

कुसुमने माझ्याकडे पाहिले, मग अक्कांकडे. रडली नाही. विचारले, "तुम्हाला पापड येतात?"

"येतात," मी म्हणाले.

अक्कांनी पैसे मोजायला घेतले. नोटा वेगळ्या केल्या, नाणी चटईवर एकेक मांडली. मोजून झाल्यावर सगळे एकत्र केले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिसऱ्यांदा मोजायला घेतले तेव्हा मास्तर काही बोलणार होते. मी त्यांना खुणेने थांबवले. गाडीला अजून वेळ होता. अक्का सावकाश, एकेका नाण्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत आल्या, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बठ्ठा पैसा फिटना. आते पोर लई जा."